‘मुंगी मेली’ म्हणण्यापूर्वी : घरातल्या भावना आणि मुलांमधला कळवळा

धावता धावता मूल पडते, गुडघा खरचटतो, ओठ थरथरू लागतात आणि हुंदका बाहेर पडण्याआधीच घरातले कोणीतरी टाळी वाजवून म्हणते, ‘‘काही नाही झालं, मुंगी मेली!’’ दुसरे कोणी जमिनीला चापट मारते, ‘‘हात् गं! आमच्या बाळाला पाडतेस?’’ मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी ही वाक्ये ऐकलेली असतात आणि म्हणणाऱ्याच्या मनात मायेशिवाय दुसरे काही नसते. माझी मुलगी तीन वर्षांची असताना मीही हेच म्हणालो. ती रडायची थांबली, गुडघा विसरली आणि फरशीवर ओणवी होऊन मुंगी शोधू लागली. ‘‘कुठे मेली? तिला खूप लागलं?’’ असे तिने विचारले तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिच्या खऱ्या दुखण्याची दखल मी घेतली नव्हती आणि ती मात्र मुळात नसलेल्या मुंगीसाठी हळहळत होती.

दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्या आत काहीतरी हलणे आणि मग त्याच्यासाठी काही करावेसे वाटणे, या दोन्ही गोष्टींची बीजे मुलांत फार लवकर दिसतात. ती किती जोमाने रुजतात हे बऱ्याच अंशी घरात भावना कशा दाखवल्या जातात, त्यांच्याविषयी कसे बोलले जाते आणि त्या बिघडल्या तर कशा सावरल्या जातात यावर ठरते. पुढील पायऱ्या साधारण दीड ते दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहेत. सगळ्या एकदम सुरू करू नयेत. पहिली पूर्ण करून मग आपल्या घराला जी सोपी वाटेल ती घ्यावी.

आधी एक फरक : कळवळा आणि कासाविशी

अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतील मानसशास्त्रज्ञ नॅन्सी आयझेनबर्ग यांनी अनेक वर्षे एका भेदावर काम केले आहे. रडणारे मूल पाहून दुसऱ्या मुलाचे लक्ष त्या रडणाऱ्याकडे लागले तर तो कळवळा. आणि तेच रडणे पाहून ते स्वतःच इतके अस्वस्थ झाले की आपली सुटका कशी होईल हेच त्याला सुचते, तर ती कासाविशी. कळवळ्यातून मदत निघते. कासावीस झालेले मूल कान झाकते, खोलीबाहेर पळते, कधी स्वतःच भोकाड पसरते, तर कधी चक्क हसते, आणि आपण त्याला निष्ठुर ठरवून मोकळे होतो. वास्तविक त्याला कमी नव्हे, जास्तच जाणवत असते. ते पेलायचे कसे, एवढेच त्याला कोणी दाखवलेले नसते.

म्हणून मुलाला हळवे करणे हे आपले काम नाही. भावना आली तरी आपण बुडत नाही, हा अनुभव त्याला घरात पुन्हा पुन्हा मिळायला हवा. जिथे सगळे दाबले जाते त्या घरात तो मिळत नाही आणि जिथे रोज स्फोट होतात तिथेही मिळत नाही.

या विषयावरील बहुतेक संशोधन पाश्चात्त्य कुटुंबांवर झालेले आहे आणि त्यातून प्रामुख्याने दिसतात ते परस्परसंबंध, थेट कारणे नव्हेत; स्वभावाचा आणि आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असतो. एकाच घरातली दोन भावंडे किती वेगळी निपजतात हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. भारतातल्या अभ्यासांपैकी वैशाली रावल आणि टान्या मार्टिनी यांचा गुजरातमधील मातांवरचा 2009 मधला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. मुलाने अंगाचे दुखणे बोलून दाखवणे तिथल्या मातांना राग किंवा दुःख दाखवण्यापेक्षा अधिक स्वीकारार्ह वाटत होते. परीक्षेच्या सकाळी आपल्याकडची मुले ‘‘मला भीती वाटते’’ न म्हणता ‘‘पोटात दुखतंय’’ का म्हणतात, याचा धागा कदाचित इथेच सापडेल.

पायरी पहिली : आठवडाभर नुसती नोंद

एक वही घ्यावी आणि सात दिवस काहीही न बदलता लिहावे. रकान्यांसाठी नाट्यशास्त्रातील आठ स्थायिभाव, म्हणजे मनातले मूळ भाव, फार सोयीचे पडतात : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा (किळस) आणि विस्मय. रतीच्या जागी घरगुती ‘माया’ लिहिले तरी चालेल. रोज रात्री पाच मिनिटे बसून, आज कोणता भाव घरात दिसला, कोणी दाखवला आणि इतरांनी त्यावर काय केले, एवढेच टिपावे. मुलापेक्षा मोठ्यांच्या नोंदी अधिक काटेकोरपणे कराव्यात.

आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात क्रोधाचा रकाना ओसंडून वाहत होता आणि शोकाचा कोरा होता. त्याच आठवड्यात माझ्या वडिलांचे पन्नास वर्षांचे स्नेही गेले होते. वडील दोन संध्याकाळी गच्चीत एकटे बसून होते आणि मुलीने विचारल्यावर आम्ही तिला ‘‘आजोबा हवा खायला गेलेत’’ असे सांगितले होते. म्हणजे शोक होता, पण तो गच्चीत होता. तिच्यासमोर जे येत होते ते डबा, गृहपाठ आणि उशीर यांवरून होणारे रागावणे. दुःखी माणसाशी कसे वागावे हे ती कुठे पाहणार होती, हा प्रश्न मला ती वही उघडल्यावरच पडला.

पायरी दुसरी : शब्द वाढवणे

मराठी या बाबतीत श्रीमंत आहे, पण मुलांशी बोलताना आपण राग, रडू, मजा आणि बोअर या चार शब्दांवर भागवतो. खरे तर हिरमुसणे वेगळे आणि रुसणे वेगळे. हिरमुसलेल्याची अपेक्षा मोडलेली असते. रुसलेल्याला कोणीतरी समजूत काढायला यावे असे वाटत असते आणि तो तोंड फिरवून बसला तरी कान मागेच लावून असतो. ओशाळणे हे कोणी पाहिल्याशिवाय होत नाही. धास्ती घटना घडण्यापूर्वीची, भांबावणे घडत असतानाचे आणि हळहळ नंतरची. कुढणे आत चालते, धुसफूस बाहेर ऐकू येते. शब्द मिळाला की मुलाला भावनेचे टोक सापडते, आणि स्वतःची भावना ओळखता आली की तीच दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ओळखणे सोपे होते. दुसऱ्याविषयीच्या शब्दांतही फरक करावा. कीव वरून खाली येते, कळवळ्यात माणूस शेजारी येऊन बसतो. ‘‘बिचारा’’ म्हणून पुढे जाणे हे यांपैकी पहिल्यात मोडते.

ज्युडी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1991 मधील अभ्यासात, ज्या घरांत मूल तीन वर्षांचे असताना भावनांविषयी अधिक बोलले जात होते, तिथली मुले सहाव्या वर्षी अनोळखी मोठ्या माणसांच्या भावना अधिक चांगल्या ओळखत असल्याचे दिसले. सीलिया ब्राउनेल यांच्या 2013 मधील अभ्यासातली बाब तर थेट वापरता येण्याजोगी आहे. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांबरोबर पालक चित्रांची पुस्तके वाचत असताना त्यांचे बोलणे तपासले गेले. तेव्हा पालकांनी स्वतः भावनांची वर्णने किती केली याला फारसे महत्त्व नव्हते, मुलाला विचारून, त्याला बोलते करून भावनांविषयी किती वदवून घेतले याला होते. अशा पालकांची मुले अधिक तत्परतेने मदत करत आणि वस्तू वाटून घेत.

यावरून पद्धत अशी ठरते. चित्राच्या पुस्तकात एखादा चेहरा आला की पान उलटायचे थांबावे. ‘‘हा असा का बसलाय?’’ असे विचारून मनात पाचपर्यंत मोजावे, कारण उत्तर यायला वेळ लागतो आणि आपल्याला गप्प राहणे जमत नाही. मूल म्हणाले, ‘‘त्याला भूक लागलीय’’, तर ‘‘नाही रे, तो दुःखी आहे’’ अशी दुरुस्ती करू नये. ‘‘असेल. कशावरून वाटलं तुला?’’ असे विचारावे. मग ‘‘तू तिथे असतास तर काय केलं असतंस?’’ एवढे पुरे. एका बैठकीत असे एक किंवा दोन चेहरे घ्यावेत. प्रत्येक पानावर प्रश्न आला की गोष्टीचा धडा होतो आणि मूल उठून जाते.

पायरी तिसरी : आपल्या भावना मुलांसमोर, पण मापात

मुलासमोर स्वतःची भावना बोलून दाखवताना चार भाग असावेत : काय वाटते आहे, कशामुळे, ते तुझ्यामुळे नाही, आणि आता मी काय करणार आहे. उदाहरणार्थ, ‘‘आज कामावर एकाशी वाद झाला, म्हणून मी वैतागलोय. तुझ्यामुळे नाही. दहा मिनिटं शांत पडतो, मग आपण पत्ते खेळू.’’ यातला तिसरा भाग गाळू नये, कारण घरातल्या कोणाचाही चेहरा उतरला की लहान मुले त्याचे कारण स्वतःतच शोधतात. चौथा भागही तितकाच महत्त्वाचा, कारण भावना आली आणि माणसाने तिचे काहीतरी केले हे त्याच वाक्यातून दिसते.

माप कुठे ठेवायचे? कर्जाचे आकडे, जोडीदाराच्या तक्रारी, नातेवाइकांची उणीदुणी हे मुलापाशी बोलू नये. ‘‘तूच माझा आधार आहेस’’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण सात वर्षांच्या खांद्यावर ते फार जड पडते. असे मूल समजूतदार म्हणून नावाजले जाते आणि आतून कासावीस राहते. ‘‘तू मला रडवलंस’’ हेही टाळावे. ‘‘ते ऐकून मला वाईट वाटलं’’ यात भावना तितकीच खरी आहे, फक्त तिचा लगाम मुलाच्या हाती दिलेला नाही.

दुसऱ्या टोकाला कोरा चेहरा आहे. एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात माता तान्ह्या बाळाशी आधी नेहमीसारख्या खेळत आणि मग थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवत. बाळे हसून, हातपाय हलवून आईला परत बोलावू पाहत आणि ते साधले नाही की अस्वस्थ होऊन तोंड फिरवत. मोबाइलमध्ये बुडालेल्या आपल्या चेहऱ्याचे कोणी छायाचित्र काढले तर तो त्या निर्विकार चेहऱ्याहून फार वेगळा दिसणार नाही, असे मला वाटते. निदान मूल शाळेतून आल्यावरची पहिली पंधरा मिनिटे फोन दुसऱ्या खोलीत असावा.

आनंदाच्या बाबतीत तर माप ठेवण्याचेही कारण नाही. चहा चांगला झाला हे करणाऱ्याला ऐकू जाईल असे म्हणावे.

पायरी चौथी : मुलाची भावना मान्य, कृतीला मर्यादा

‘‘राग आलाय, खरं आहे. मारायचं मात्र नाही.’’ ही दोन वाक्ये याच क्रमाने म्हणावीत. पहिले गाळले तर मूल आपले ऐकून घेतले जात नाही म्हणून आणखी जोरात ओरडते. दुसरे गाळले तर घरात त्याचेच राज्य होते. राग पूर्ण चढलेला असताना उपदेश करू नये. शेजारी बसावे, पाणी द्यावे, बोलणे नंतर. खरचटलेल्या गुडघ्यालाही हेच लागू आहे : ‘‘लागलं ना? दाखव. झोंबतंय का? चल, धुऊ या.’’ याला ‘मुंगी मेली’पेक्षा वीस सेकंद जास्त लागतात आणि मूल रडून लवकर मोकळे होते. जमिनीला मारण्याची प्रथा मात्र कायमची सोडावी. लागले की कोणालातरी मारायचे असते, एवढाच धडा तिच्यातून मिळतो.

‘‘मुलीसारखा काय रडतोस’’ या वाक्याने एका दगडात मुलगाही दुखावतो आणि शेजारी उभी असलेली त्याची बहीणही. पुढे बायकोच्या किंवा मित्राच्या अश्रूंसमोर पुरुष भांबावून उभा राहतो तेव्हा या वाक्याची आठवण कोणाला होत नाही.

पायरी पाचवी : ‘सॉरी म्हण’च्या पुढे

मुलाने कोणाला ढकलले तर आपण त्याला हाताला धरून ‘‘सॉरी म्हण’’ असे फर्मावतो. मूल भिंतीकडे पाहत ते पुटपुटते आणि प्रकरण मिटते. कॅरोलिन झान-वॅक्सलर आणि मेरियन राडके-यारो यांच्या गटाने 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मातांनाच निरीक्षणाचे प्रशिक्षण देऊन दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या घरगुती प्रसंगांच्या नोंदी ठेवायला लावल्या होत्या. ‘तुझ्या कृतीमुळे समोरच्याला काय झाले’ हे ज्या माता स्पष्ट आणि मनापासून, आवाजात तीव्रता ठेवून सांगत, त्यांची मुले भरपाई करण्यात आणि इतरांच्या मदतीला धावण्यात पुढे होती. कारण न देता नुसते ‘थांब’ म्हणण्याने तो परिणाम होत नव्हता. मार्टिन हॉफमन यांनीही शिस्तीच्या याच पद्धतीवर, म्हणजे मुलाचे लक्ष समोरच्याच्या स्थितीकडे वळवण्यावर, भर दिला आहे.

व्यवहारात हे एका मिनिटात करता येते. मुलाच्या उंचीवर वाकावे. ‘‘बघ तिच्याकडे. तू ढकललंस, तिचं कोपर आपटलं, म्हणून ती रडतेय.’’ इथे आवाज गंभीर असावा, ओरडण्याचा नसावा. मग ‘‘आता तिला बरं वाटावं म्हणून काय करता येईल?’’ उत्तर ‘बर्फ आणतो’ असेल, ‘माझी गाडी देतो’ असेल, कधी काहीच नसेल. तेव्हा दोन पर्याय आपण सुचवावेत. ‘सॉरी’ हा शब्द राहून गेला तरी चालेल, भरपाई राहून जाऊ नये. ‘‘लाज नाही वाटत?’’ हे मात्र म्हणू नये. लाजेने मूल स्वतःकडे पाहू लागते, आणि आपल्याला त्याची नजर त्या कोपराकडे हवी असते.

पायरी सहावी : भांडण जिथे झाले तिथेच समेट

मुलांसमोर कधीच भांडू नये हा सल्ला सगळे देतात आणि तो पाळणारे घर मी पाहिलेले नाही. मार्क कमिंग्ज यांनी पालकांच्या भांडणांचा मुलांवरील परिणाम दीर्घकाळ अभ्यासला आहे. मुलांचा त्रास भांडण झाले की नाही एवढ्यावर ठरत नाही. ते कसे झाले आणि मिटले का, यावर ठरतो. मिटलेले भांडण पाहिलेली मुले बरीच सावरलेली दिसतात. बंद दाराआडची धुसफूस त्यांना कळत नाही, हा आपला भ्रम आहे.

आपल्याकडे या बंद दाराचे नाव अबोला. आई भाजी चिरता चिरता म्हणते, ‘‘बाबांना सांग, जेवण वाढलंय.’’ बाबा पेपरातून डोके न काढता म्हणतात, ‘‘आईला सांग, भूक नाही.’’ दोघांमध्ये सात फुटांचे अंतर असते आणि मधे एक आठ वर्षांचा निरोप्या उभा असतो. त्याने दोन्ही बाजूंचे ऐकायचे, दोन्हींचा रोष झेलायचा आणि निरोप पोहोचवताना शब्द थोडे मऊही करायचे. मी स्वतः लहानपणी हे काम केलेले आहे आणि निरोप मऊ करण्यात तरबेज होतो. दुसऱ्याचा मूड ओळखण्याची ही तालीम जबरदस्त असते, पण ती धास्तीतून आलेली असते. अबोला धरायचाच झाला तर निरोप मुलाकरवी पाठवायचे नाहीत, एवढा एक नियम घरात आजच लावता येईल.

समेटाची रीत सोपी आहे. मुलासमोर भांडण झाले असेल तर समेटाचे निदान एक वाक्य मुलासमोर व्हावे : ‘‘सकाळी मी आवाज चढवला, ते चुकलं. पैशांचं आपण रविवारी बसून ठरवू.’’ वाद संपलाच पाहिजे असे नाही, तो कसा हाताळला जाणार आहे हे कळले तरी मुलाचा जीव भांड्यात पडतो. मुलावर विनाकारण ओरडलो असू तर त्याचीही माफी मागावी : ‘‘मी ओरडलो, चुकलं माझं. तू घाबरलास का?’’ या वाक्यानंतर ‘पण’ येऊ देऊ नये. ‘‘पण तूही पसारा केला होतास’’ म्हटले की माफी तिथेच संपते आणि पुन्हा रागावणे सुरू होते. पसाऱ्याविषयी संध्याकाळी वेगळे बोलावे.

ज्या घरात मारहाण किंवा दहशत आहे तिथे मात्र समेटाच्या वाक्यांनी भागणार नाही. तिथे सुरक्षितता आधी. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 या मदत क्रमांकांचा उपयोग करावा.

पायरी सातवी : हाताला काम

फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांच्या 2006 मधील प्रयोगात, मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू दीड वर्षांची मुले कोणी न सांगता उचलून देत होती. त्यांनीच 2008 मध्ये दाखवले की मदतीबद्दल खेळणे बक्षीस मिळालेली वीस महिन्यांची मुले पुढे कमी मदत करू लागली. नुसते कौतुक मिळालेल्यांत ही घट दिसली नाही. तेव्हा चॉकलेट आणि तक्त्यावरचे तारे आवरते घ्यावेत. त्याऐवजी मदतीने समोरच्याचे काय झाले ते सांगावे : ‘‘तू चष्मा आणून दिलास, आजोबांना पत्र लगेच वाचता आलं.’’

कामे खरी असावीत. आजीच्या गोळ्यांच्या वेळी पाणी नेणे, ताप आलेल्या भावाच्या उशाशी बसणे, उन्हाळ्यात पक्ष्यांचे भांडे भरणे. वाढदिवशी संस्थेत जाऊन वाटप करणे आणि त्याची छायाचित्रे पाठवणे याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. वाटणाऱ्या मुलाचे लक्ष तेव्हा कॅमेऱ्याकडे असते.

पायरी आठवी : घरातील वडीलधारी मंडळी

आजीने ‘मुंगी मेली’ म्हटले तर तिला मुलासमोर टोकू नये. भावनांचा आदर शिकवण्याच्या नादात आपणच तिच्या भावनेचा अनादर करतो. नंतर निवांतपणी ‘‘आई, ती पडली की आधी कुठे लागलं ते विचारू या का? तुम्ही विचारलंत तर ती पटकन शांत होते’’ असे म्हणावे. शिवाय आजीकडे आपल्यापाशी नसलेले बरेच असते. मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढण्यावर माझा विश्वास नाही, पण दोन मिनिटे सगळे काम थांबवून एक माणूस मुलाकडेच पाहतो आहे, हे त्या विधीत घडते आणि मूलही तेवढा वेळ स्तब्ध बसते.

पायरी नववी : दोन महिन्यांनी वही पुन्हा

पुन्हा सात दिवस नोंदी कराव्यात. क्रोधाचा रकाना रिकामा होण्याची अपेक्षा ठेवू नये. त्यापुढे ‘कसे सावरले’ हे लिहिता येते का, ते पाहावे. मुलातला बदल छोट्या, विचित्र रूपांत दिसतो. दोन वर्षांचे मूल रडणाऱ्या काकूला स्वतःची चोखलेली बाहुली नेऊन देईल, कारण त्याला स्वतःला तिनेच बरे वाटते. त्याला हसू नये. मूल सातत्याने प्राण्यांना किंवा लहानांना इजा करत असेल, किंवा अनेक आठवडे अबोल, घाबरलेले राहत असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला भेटावे. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांकही त्यासाठी आहे.

आमच्या दुसऱ्या वहीत शोकाच्या रकान्यात चार नोंदी होत्या, त्यांपैकी एक आजोबांची, ‘मित्राची गोष्ट सांगितली, नात मांडीवर’ अशी. शेवटच्या दिवशीची नोंद माझी आहे. अंधारात पलंगाच्या पायाला माझी करंगळी आपटली आणि मी खाली बसलो. मुलगी दारात येऊन उभी राहिली, थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, ‘‘बाबा, मुंगी मेली, की खरंच लागलं?’’